हळदीची पट्टी

शोरूममध्ये बेज रंग फार शोभतो. वर पांढरे दिवे, खाली चकचकीत फरशी, सीटवर अजून प्लास्टिक. आत बसलं की गाडी आहे त्यापेक्षा हातभर मोठी वाटते. आपल्याकडच्या लोकांना हा रंग मनापासून आवडतो. कंपन्यांनाही ते माहीत असल्यामुळे बेज, आयव्हरी, क्रीम अशा नावांनी तो वर्षानुवर्षं येत राहिला आहे. भर उन्हात काळी सीट तापते तितकी ही तापत नाही, हाही खरा फायदा. मात्र ज्या दिवशी प्लास्टिक निघतं त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाच्या सवयी त्या सीटवर उमटायला लागतात. कोण केसांना तेल लावतं, कोण नवी जीन्स न धुता घालतं, मागच्या सीटवर वडापाव कोण खातं, हे मालकानं मला सांगावं लागत नाही.

मी मूळचा कुशनवाला. पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात रिक्षाच्या सीटा आणि हुडं शिवत हात बसला, मग सीट कव्हरं, मग जुन्या गाड्यांची अख्खी कुशनं. साफसफाईच्या धंद्यात, ज्याला आता डिटेलिंग म्हणतात त्यात, मी नंतर आलो. त्यामुळे सीट म्हटलं की मला तिची आतली बाजू आधी दिसते. फोम, कापड, शिवणीत जाऊन बसलेली वाळू. ‘लेदर क्लीनर कुठला घेऊ?’ असं फोनवर कुणी विचारलं की मी उलट विचारतो, सीट नक्की कशाची आहे? समोरचा जरा दुखावतो. ‘अहो, लेदरची. टॉप मॉडेल आहे.’

टॉप मॉडेल असलं तरी बघावं लागतं. आपल्या बाजारातल्या कितीतरी गाड्यांत ज्याला लोक लेदर म्हणतात ते रेक्झिन असतं. नव्या भाषेत लेदरेट. जिथे खरं कातडं असतं तिथेही ते बरेचदा अंग टेकतं तेवढ्याच भागात असतं. सीटच्या बाजू, पाठीमागचा खिसा, हेडरेस्टची मागची बाजू हे सगळं रेक्झिन. रंग इतका जुळवलेला असतो की नव्या गाडीत फरक कळत नाही. काही वर्षांनी दोन्ही वेगवेगळे पिवळे पडायला लागले की कळतो. ओळखायची माझी रीत कुशनवाल्याची आहे: सीटच्या खाली हात घालून कापलेली कड शोधायची. कातड्याच्या कडेला तंतू लागतात, रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. बारीक भोकांची सीट असेल तर कड शोधायचीही गरज नाही, भोकात टॉर्च मारली की पुरतं.

कातडंच निघालं तर पुढचा प्रश्न, त्यावर काय आहे? गाडीच्या सीटचं बहुतेक कातडं रंगवलेलं असतं. कमावलेल्या कातड्यावर रंगाचे थर, आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉपकोट. हे सगळं मिळून साधारण केसाच्या जाडीचं. युरोपातल्या व्याख्येप्रमाणे हा वरचा थर ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर त्या मालाला नुसतं ‘लेदर’ म्हणून विकता येत नाही. एका आडबाजूला पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तसाच मण्यासारखा उभा राहिला तर टॉपकोट आहे. आत जिरून डाग गडद झाला तर कातडं उघडं आहे. उघड्या कातड्याच्या गाड्या फार महाग असतात, माझ्याकडे क्वचित येतात, आणि आल्या की त्यांच्या मालकांना मी घरी काही करू नका एवढंच सांगतो.

म्हणजे फिक्या सीटवर आपण हात फिरवतो तो रंगावर. बाटली निवडायची ती या रंगासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या निम्म्या बाटल्यांवरचा मजकूर वाचायची गरज उरत नाही. कातड्याच्या खोलवर जाऊन पोषण देणारं अमुक, रंध्रं उघडून मळ काढणारं तमुक. रंध्रं तर टॅनरीतच झाकून टाकलेली असतात.

घरगुती उपायांचं मी फार ऐकतो. टूथपेस्ट घासते. तो पांढरा जादूचा स्पंज म्हणजे मेलामाइनचा फेस, तोही घासतोच, फक्त इतका बारीक की हाताला कळत नाही. डाग जातो आणि बरोबर टॉपकोटही जातो. मग पुढचा डाग थेट रंगात शिरतो. नेलपॉलिश काढायच्या पाण्याबद्दल बोलायलाच नको. करोनाच्या काळात लोकांनी सॅनिटायझर हातांबरोबर स्टिअरिंगलाही लावला. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. २०२१ मध्ये माझ्याकडे आलेल्या गाड्यांची स्टिअरिंग आणि दाराकडच्या हातटेकण्या बघितल्या की कोणत्या घरात किती भीती होती ते कळायचं. रंग चिकट होऊन सोलला होता.

मला खरं बोलायचंय ते हळदीबद्दल.

पुण्यात लग्नसराईत नवरा-नवरीची गाडी बेज सीटची असेल तर दुसऱ्या दिवशी ती कुणाकडे तरी साफ करायला जाणार हे ठरलेलं. हळदीच्या अंगानं कुणीतरी बसलेलं असतं. दसऱ्याला वाहनपूजेत चिमूटभर हळद-कुंकू सीटवर सांडतं. मटणाच्या रश्श्याचा डबा लवंडतो. घरचा माणूस काय करतो? धुण्याचा साबण, नाहीतर भांड्यांची पावडर पाण्यात कालवतो आणि स्पंजनं घासतो. पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा होतो. मग घाबरून फोन. ‘दादा, काहीतरी रिॲक्शन झाली!’

झालेलीच असते. हळदीतला रंग अल्कली लागली की लाल होतो. आपल्याकडे कुंकू पारंपरिक पद्धतीनं बनायचं ते याच गुणावर. हळदीला चुना लावून. म्हणजे त्या माणसानं भांड्यांच्या पावडरीनं सीटवर कुंकू तयार केलेलं असतं. यावर उपाय अवघड नाही. साध्या ओल्या फडक्यानं साबणाचा अंश काढून टाकला, मग सौम्य क्लीनरनं वरचं तेल काढलं, की लाली उतरून पिवळेपणा राहतो. तो घासत बसायचं नाही. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. गाडी अशी उभी करायची की त्या बाजूनं ऊन येईल, काचेआडूनही चालतं. काही दिवसांत डाग फिका पडत जातो. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. पैसे देऊन गाडी आणली आणि हा म्हणतो उन्हात लावा. एका मावशींनी मला तोंडावर सांगितलं, ‘उन्हातच लावायची होती तर आमच्या गच्चीवरच्या हळदीच्या साडीसारखी मीच लावली असती की!’ मी म्हटलं, बरोबर बोललात, तसंच करा. पुढे त्यांचा डाग गेला आणि त्यांनी तीन नातेवाईक माझ्याकडे पाठवले.

हाच गुण क्लीनर निवडताना कामाला येतो. शाळेत केलेला प्रयोग आहे. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून टिपकागदावर लावायची, वाळवायचा, पट्ट्या कापायच्या. सीटसाठी आणलेल्या क्लीनरचा थेंब पट्टीवर टाकायचा. पट्टी पिवळी राहिली तर पुढची चाचणी. तांबूस झाली तर ती बाटली टायरला आणि पायाखालच्या मॅटला वापरायची, सीटला नाही. कातडं स्वभावानं किंचित आम्ल असतं, त्याचा पीएच चारच्या आसपास. धुण्याचा साबण आणि पावडरी त्याच्या अगदी उलट टोकाला, नऊ-दहाच्या पुढे. टॉपकोट धड असेल तर एखाद्या वेळी फरक पडणार नाही हे मी मान्य करतो. पण शिवणीत, भोकांत आणि बसून बसून पडलेल्या चिरांत कातडं उघडंच असतं, आणि साबण नेमका तिथे जाऊन बसतो. ‘इंटिरियर ऑल पर्पज क्लीनर’ नावाच्या ज्या बाटल्या मिळतात, त्यातल्या अनेक या पट्टीवर नापास होतात. चांगल्या कंपन्यांचे लेदर क्लीनर सहसा पास होतात. लेक्सॉलसारखा अमेरिकन घ्या, जर्मनीचा कलरलॉक घ्या, किंवा आपल्याकडचा एखादा. माझ्या अनुभवात महाग आणि स्वस्त यांत जो फरक पडतो तो फेसात आणि वासात जास्त.

पट्टी सगळं सांगत नाही. अल्कोहोल आणि थिनर नाकाला कळतात. झाकण उघडल्या उघडल्या नाकात गेलं तर मी ती बाटली परत करतो. खरखर दोन बोटांत चोळून कळते. शेवटची चाचणी काचेवर. थेंब टाकून वाळू द्यायचा. चांगल्या क्लीनरचा वाळल्यावर जवळजवळ मागमूस राहत नाही. चिकट चट्टा राहिला तर सीटवरही तोच राहणार, आणि सिंहगड रस्त्यावरची धूळ त्यावर बसणार. ज्या बाटल्यांत क्लीनर आणि कंडिशनर एकत्र असतात, त्या मी म्हणूनच घेत नाही. गडद सीटवर त्यांचं भागून जातं. फिक्या सीटवर मळ अर्धा निघतो आणि उरलेल्यावर तुपकट थर बसतो.

बाटलीइतकंच हाताचंही काम असतं, तेवढं सांगून पुढे जातो. आधी व्हॅक्यूम, कारण वाळू राहिली तर ब्रश तिलाच घेऊन रंगावर फिरतो. क्लीनर सीटवर मारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा, आणि फेस करून लावायचा. पंखेवाल्या सीटला तर अजिबातच मारायचा नाही, भोकांतून खाली पंख्यापर्यंत ओल जाते. ब्रश घोड्याच्या केसांचा, मऊ. हलक्या हातानं गोल फिरवून लगेच पांढऱ्या फडक्यानं टिपायचं. फडकं पांढरंच हवं आणि उजेडात बघायचं. करडा, तपकिरी आला तर मळ आहे. सीटच्याच रंगाचा, सायीसारखा आला तर थांबायचं. अनेकांना वाटतं, बघा किती मळ निघतोय! निघत असतो तो रंग. शेवटी नुसत्या ओल्या फडक्यानं एकदा पुसून वाळू द्यायचं.

आणि वाळल्यावर सीट निस्तेज दिसली पाहिजे. इथे माझं आणि गिऱ्हाइकांचं सगळ्यात जास्त वाजतं. नवी सीट कारखान्यातून येते तेव्हा ती चमकत नसते, मंद असते. वापरातल्या सीटवर जी चकाकी येते ती अंगाच्या तेलाची आणि घामाची. ती काढायलाच तर गाडी आणलेली असते. पण काम झाल्यावर मालक दार उघडून म्हणतो, ‘चमक नाही आली.’ काही दुकानांत यावर डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश मारून देतात. सीट आरशासारखी होते, मालक खूश होतो, आणि पहिल्याच ब्रेकला पुढे घसरतो.

आता कंडिशनर. माझ्याकडे एक निवृत्त सर येतात. त्यांच्या वडिलांच्या वेळची एक इंग्रजी गाडी त्यांनी जपली आहे, आणि रोजच्या वापराला क्रीम सीटची नवी सेदान आहे. जुन्या गाडीसाठी ते कुणाकडून तरी कॉनोली हाइड फूडची बरणी मागवतात. कॉनोली ब्रदर्स ही १८७८ साली लंडनमध्ये सुरू झालेली पेढी. रोल्स-रॉईससारख्या गाड्यांना तिचं कातडं जायचं. २००२ मध्ये तिचा कातड्याचा कारखाना बंद झाला, पण त्या स्निग्ध मलमाचं नाव जुन्या गाड्यांच्या शौकिनांत अजून आहे. सरांचं म्हणणं, हेच नव्या गाडीला लावून द्या, कातडं ते कातडं.

जुन्या गाडीचं कातडं अनेक दशकं वाळलेलं, वरची लाखही तडकलेली; त्याला ते मलम लागू पडतं. कोल्हापुरी चपलेलाही तेल लागू पडतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं उघडं असतं, तेल पितं, गडद होतं, आणि तसंच ते आपल्याला आवडतं. आपल्या घरोघरी कातड्याला तेल द्यायची जी सवय आहे ती या चपलांपासून आली असणार असं मला वाटतं. नव्या सीटच्या कातड्याला जे तेल पाहिजे ते टॅनरीतच फिरत्या ड्रममध्ये देऊन झालेलं असतं, आणि वर पॉलियुरेथेनचं झाकण आहे. त्याला वरून तेल चोळणं म्हणजे ऑइलपेंट दिलेल्या भिंतीला तेल चोळणं. आत जात नाही. वर राहतं, धूळ धरतं, आणि जिथे जिथे शिवणीतून, चिरेतून थोडं आत शिरतं तिथे क्रीम रंगावर कायमची गडद रेघ दिसते. नीट्सफूट ऑइल, खोबरेल, मेणाची मलमं, ही फिक्या सीटच्या वाऱ्यालाही नकोत.

सरांना पटेना. मी त्यांना हेडरेस्ट दाखवला. त्यांच्या घरात रोज डोक्याला तेल लावून बाहेर पडायची पद्धत आहे. म्हणजे त्या जागेला गेली काही वर्षं रोज फुकट कंडिशनिंग होत होतं. सगळ्या सीटमध्ये तीच जागा सगळ्यात वाईट होती. रंग मऊ पडून नखानं निघत होता. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘हे घरी सांगता येणार नाही.’

वरून तेल न लावायचं पावसाळा हे आणखी एक कारण. रत्नागिरी-चिपळूणकडची गाडी दोन आठवडे बंद उभी राहिली की सीटवर पांढरी बुरशी धरते. मुंबईतही तळघरातल्या पार्किंगमध्ये धरते. बुरशीला ओल आणि खाणं लागतं, आणि अंगाचं तेल, सांडलेला चहा, नैसर्गिक तेलाचं कंडिशनर हे सगळं तिचं खाणंच. तिकडच्या गिऱ्हाइकांना मी जून लागायच्या आत सीट नीट साफ करून कोरडी ठेवायला सांगतो. वरून काहीही लावायला सांगत नाही.

मग कंडिशनर पूर्ण फसवणूक आहे का? तसं नाही. पाण्यात बनवलेलं, पातळ, वाळल्यावर मंद दिसणारं कंडिशनर टॉपकोटला थोडं लवचीक ठेवतं, सीट कुरकुरत नाही, आणि ज्यात उन्हापासून बचाव करणारी द्रव्यं असतात ती नागपूर-जळगावच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उपयोगी पडतात. इथेही काचेची चाचणी करायची: थेंब पसरून रात्रभर ठेवायचा, सकाळी बोट फिरवायचं. तुपकट लागलं तर नको. पण गिऱ्हाइकाकडे दोनच बाटल्यांचे पैसे असतील तर मी क्लीनर आणि प्रोटेक्टर घ्यायला सांगतो. प्रोटेक्टर म्हणजे टॉपकोटवर आणखी एक पातळ, झिजायलाच लावलेला थर.

त्याची गरज जीन्समुळे. डेनिमच्या सुतावर नीळ बाहेरून चढवलेली असते, गाभा पांढराच राहतो. म्हणून तर जीन्स इतकी सुंदर विटते. ती जिथे विटते तिथली नीळ कुठेतरी जाते. ओली जीन्स, गरम सीट आणि दाराकडची उंच कड, जिच्यावरून घासत माणूस रोज उतरतो. पावसात भिजून आलेल्या मुलानं तासभर ट्रॅफिकमध्ये काढला की बेज सीटवर निळसर सावली येते. त्याच आठवड्यात आणली तर निघते. महिने उलटले, उन्हाळा मध्ये गेला, की नीळ थरात शिरलेली असते आणि तिथे कुठलाच क्लीनर पोचत नाही. प्रोटेक्टर असेल तर ती वरच्या वर अडते आणि थरासकट निघून जाते. हे गाडी घरी आली त्या आठवड्यात करायचं असतं. नंतर तीन-चार महिन्यांनी, निदान ड्रायव्हरच्या सीटला, पुन्हा. सीटसाठी हजारो रुपयांची सिरॅमिक कोटिंगं निघाली आहेत. माझ्या मते त्या दाराकडच्या कडेवर स्वस्तातलं आणि वेळच्या वेळी लावलेलंच बरं, कारण घासून झिजायचं दोघांनाही आहे.

गुलालाचं एक सांगायचं राहिलं: पाणी लावायचं नाही. विसर्जनाहून आल्यावर आधी कोरडा व्हॅक्यूम, मग कोरडं फडकं, आणि संपूर्ण उतरल्याची खात्री झाल्यावरच फेस. त्या दिवशी गाडीत जुनी चादर टाकून जाणं सर्वांत स्वस्त.

जिथे नीळ खोल गेली आहे किंवा हेडरेस्टचा रंग सुटला आहे तिथे मी तसं सांगून टाकतो. तेवढा भाग पुन्हा रंगवून घ्या, त्याचे कारागीर आहेत, रंग जुळवून देतात. बरेच जण रंगवण्याऐवजी कव्हर टाकायला निघतात. त्यांना सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी आहे का ते आधी बघायला लावतो. असेल तर ती बाजू शिवून बंद करणारं कव्हर चालत नाही. मी कुशनवाला असूनही हे सांगतो म्हणून काहींना माझा संशय येतो.

परवा एक जोडपं आलं. गाडी ताब्यात मिळायला आठवडा होता, आत आयव्हरी रंग. मी क्लीनर, प्रोटेक्टर, सहा पांढरी फडकी काढून दिली. हळदीच्या पट्टीचं ऐकून ताई हसल्या, पण रीत फोनमध्ये लिहून घेतली. नवऱ्याची नजर मागच्या फळीवर होती. ‘आणि ते कंडिशनर?’ मी सांगितलं, पहिली दोन वर्षं गरज नाही. त्यांना ते जरा अपुरं वाटलं असावं. ‘असू दे, द्या एक,’ म्हणाले. दिलं. मंद वाळणारं, काचेवर तपासलेलं. दुकानात सगळ्यात जास्त खपतं तेच.